दर्या कुणाच्या बापाचा

प्रिजां माझ्या मासळीच्या टपरीवर आला तेव्हा मी बांगडे साफ करत होते. हातात एक कागद धरून तो इतका चेहरा पाडून उभा राहिला की मला आधी वाटलं, याच्या घरचं कोणी गेलं की काय. प्रिजां आता आमच्या गावचा मेयर आहे. शाळेत माझ्या शेजारी बसून माझी गणितं उतरवायचा, त्यामुळे त्याला साहेब म्हणणं मला जमत नाही, आणि तोही ते मनावर घेत नाही.

"आनाइग, रविवारचा कार्यक्रम आहे. एकदा नजर टाक."

"माझे हात भरलेत. वाच तूच."

त्याने वाचलं. तीन वाजता धक्क्यावर जमणे. जिल्ह्याच्या साहेबांचं भाषण. शिळेचं अनावरण. एक मिनिट शांतता. मग कर्ण्यावर पाच मिनिटं संगीत, आणि शेवटी मेयरच्या कचेरीत कॉफी.

"कसलं संगीत?"

"व्हायोलिनचं. खास पॅरिसहून तबकडी मागवलीय."

"त्या पाचांपैकी एकाने तरी जन्मात कधी व्हायोलिन ऐकलं होतं का रे?"

"पहिलं वर्ष आहे, आनाइग. लोकांच्या जखमा ओल्या आहेत. शांततेत आदर असतो."

"शांतता वर्षभर ऐकतेच आहे मी घरात. तुझं आणखी एक मिनिट घेऊन काय करू?"

त्याने कागदाची नीट घडी घातली. बांगड्याची पिशवी मात्र न विसरता घेऊन गेला.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या बंदरातून 'स्तेरेदन' नावाचा ट्रॉलर पहाटे निघाला आणि परत आला नाही. वर पाच माणसं होती. रेडिओवर वादळाचा इशारा होता. चौकशी झाली, कोट घातलेली माणसं आली, चार महिने कागद रंगवून त्यांनी एका वाक्यात सांगितलं की इशारा असताना बोट बाहेर काढली हा तांडेलाचा दोष. तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, होता कोरंतां. तोही बोटीबरोबर तळाला गेला होता, तेव्हा त्याची बाजू मांडायला उरली फक्त त्याची बायको सोआझिग, आणि तिचं कोण ऐकणार होतं? गावाने तिच्याशी बोलणं टाकलं. शिळेवर नावं कोरायची वेळ आली तेव्हा बाकीच्या चार घरांनी अर्ज दिला की आमच्या माणसांच्या शेजारी तांडेलाचं नाव नको. त्या अर्जावर चार सह्या आहेत. तिसरी माझी आहे.

माझा भाऊ तुग्दुआल त्या बोटीवर होता. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. मी लग्न केलं नाही, त्याची बायको लवकर गेली, तेव्हा आम्ही दोघं आईच्याच घरात राहायचो, भांडायचो आणि गायचो. एकतीस वर्षं आम्ही दोघं गायलो. जोडीने गायचं ते गाणं आमची आई तिकडून डोंगरातून लग्न होऊन येताना घेऊन आली होती. वाद्य नाही, काही नाही. दोघांनी हातात हात अडकवून उभं राहायचं, लोकांनी समोर साखळी धरून नाचायचं. पहिला एक ओळ म्हणतो. ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं राहिली की दुसरा त्याच्यात मिसळतो, तीच ओळ जशीच्या तशी पुन्हा म्हणतो, आणि तिच्या शेपटाशी पहिला परत येऊन मिळतो. मी ओळ टाकायची, तुग्दुआल झील धरायचा. ओळ मध्ये कुठेही तुटता कामा नये, कारण तुटली की नाचणाऱ्यांचे पाय चुकतात. अक्षरांची जागाही ठरलेली. उशीर केला तर भोक पडतं. लवकर ओढली तर पहिल्याच्या तोंडातला घास काढून घेतल्यासारखं होतं, आणि आई त्यासाठी कान पिळायची.

तो गेल्यावर मी एकदा स्वयंपाकघरात एकटीने गाऊन पाहिलं. तिसऱ्या ओळीला दम संपला. एकतीस वर्षं मी अर्ध्या गाण्याचाच श्वास घेत आले होते, उरलेला अर्धा तो गाताना मी भरून घ्यायचे. आता मी ओळ सोडायचे तिथे कोणीच नव्हतं. मी खुर्चीवर बसले आणि मला तुग्दुआलचा इतका राग आला की त्याची कॉफीची वाटी मी मोरीत आपटून फोडली.

राग त्याचाच होता, हे मी कोणाला सांगितलं नाही. ते आता सांगते.

बोट सुटायच्या आदल्या दिवशी कोरंतां माझ्या घरी आला होता. मी काळ्या गव्हाची घावनं करत होते, दोघं टेबलाशी बसून खात होते. कोरंतां म्हणाला, "उद्या नको. रेडिओ ऐकलास ना?" तुग्दुआल हसला. नाताळच्या आधी मासळीला दर चढलेला असतो, आणि आमची बोट दोन आठवडे बांधून पडली होती. "तुला भीती वाटते तर सोआझिगच्या मांडीवर डोकं ठेवून झोप," तो म्हणाला. "तांडेल बदलू आपण. दर्या काय कुणाच्या बापाचा आहे?" कोरंतांचे कान लाल झाले. आणि मी? मी तव्याशी उभी राहून हसले. मलाही ते ऐकायला बरं वाटलं. माझा भाऊ गावातला सगळ्यात निधड्या छातीचा, असं मला नेहमीच वाटायचं.

चौकशीवाल्यांनी मला विचारलं होतं, भाऊ काही बोलला होता का. मी म्हटलं, नाही.

तर त्या दिवशी प्रिजां गेला, मी उरलेले बांगडे बर्फावर टाकले, हात धुतले आणि टपरी बंद करून थेट सोआझिगच्या घरी गेले. वर्षभरात त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. का गेले, तर मला गायचं होतं. मोठं पुण्य करायला निघाले होते असं कोणी समजू नये. माझ्या भावाला पॅरिसच्या तबकडीवर निरोप द्यायचा नव्हता, आणि या अख्ख्या बंदरात झील धरता येणारी दुसरी एकच बाई होती. सोआझिग डोंगरातली. लहानपणी ती आजीबरोबर जत्रेत गायची. मी आणि तुग्दुआल तिथल्या स्पर्धेत तीनदा त्यांच्याविरुद्ध उभे राहिलो आणि तिन्ही वेळा हरलो. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा लोक तिच्या बोलण्याला हसले, आणि तिने गाणं बंद केलं ते केलंच.

तिने दार अर्धंच उघडलं.

"सही मागायला आलीस की माझं घर जाळायला?"

"गायला आले."

"माझ्याबरोबर?"

"नाही, तुझ्या मांजराबरोबर. अगं, आत घे, वारं लागतंय."

तिने आत घेतलं. कॉफी मात्र विचारली नाही. मी प्रिजांच्या व्हायोलिनच्या तबकडीचं सांगितलं, आणि सांगितलं की मी गाणं बांधलंय, पाचांचं. कसे निघाले, कसे गेले. आमच्याकडे बुडालेल्यांचं गाणं बांधतात तेव्हा त्यात नावं असतात, दिवस असतो, काय घडलं ते असतं. लोक त्यावर नाचतातही. बाहेरच्यांना ते विचित्र वाटतं. आम्हाला नाही वाटत.

"पाचांचं?" ती म्हणाली. "शिळा तर चौघांची आहे."

मी कोट काढून खुर्चीवर टाकला.

"म्हणून दाखव," ती म्हणाली.

मी पहिली चार कडवी म्हटली. ती भिंतीला टेकून ऐकत होती. चौथ्या कडव्यात बोट सुटत होती, आणि पाचव्यात वादळ येत होतं.

"मध्ये काय झालं?"

"कशाच्या मध्ये?"

"आनाइग, मला शेंडी लावू नकोस. माझा नवरा तुझ्या घरून रात्री घरी आला. जेवला नाही. मला म्हणाला, उद्या गेलो नाही तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. का म्हणाला ते त्याने सांगितलं नाही. तुझ्या टेबलाशी काय झालं ते गाण्यात घाल. घातलंस तर मी येते. नाही तर तू आणि तुझं व्हायोलिन."

मी उठून दारापर्यंत गेले. मनात आलं, वर्षभर हिने हे गिळून ठेवलं. चौकशीत बोलली नाही, गावात बोलली नाही. माझ्या घराकडे बोट दाखवून ती सुटू शकली असती. मला तिची लाज वाटली नाही, स्वतःची वाटली, आणि लाज वाटली की मी आवाज चढवते.

"घालीन!" मी ओरडले. "एवढं ओरडायला काय झालं?"

"मी कुठे ओरडतेय? ओरडतेस तू," ती म्हणाली. आणि मग कॉफी ठेवली.

रविवारी सगळं गाव धक्क्यावर होतं. वारा आडवा सुटला होता, जिल्ह्याच्या साहेबाचे भाषणाचे कागद उडत होते आणि प्रिजां ते धरायला पळत होता. शिळेवरचा कपडा काढला. चार नावं. तुग्दुआलचं नाव सोनेरी अक्षरांत दुसरं होतं, आणि खाली एका नावाएवढी जागाही सोडलेली नव्हती. मग एक मिनिट शांतता. शांतता कसली, दोरखंड डोलकाठ्यांवर आपटत होते आणि फिलोमेनचे सुस्कारे ऐकू येत होते. फिलोमेनचा मुलगा याकेझ बोटीवर होता. ऐंशी वर्षांची बाई, अर्जावरची पहिली सही तिचीच.

प्रिजांने कर्ण्याच्या बटणाकडे हात नेला. मी पुढे झाले. सोआझिग गर्दीच्या मागे उभी होती, ती वाट काढत आली, आणि लोक असे बाजूला सरले की तिच्या कोटाला त्यांचा कोट लागू नये. तिने माझ्या कोपरात हात अडकवला.  

"आनाइग," प्रिजां दबक्या आवाजात म्हणाला, "हे कागदावर नाही."

"मग लिहून घे."

"साहेब बघतायत. आणि हिला बरोबर घेऊन? लोक काय म्हणतील? चार घरांनी सही केलीय, त्यात तूसुद्धा आहेस!"

"माझी सही खोडून टाक. पेन नसेल तर मासळीची सुरी आहे माझ्याकडे."

आणि मी सुरुवात केली. आधी नुसते सूर, शब्दांशिवाय, पायांना ताल कळावा म्हणून. सोआझिगने तिच्या जागेवर धरलं, नेमकं तिथेच, ना केसभर आधी ना नंतर. माझ्या अंगावर काटा आला. तिचा आवाज तुग्दुआलसारखा नव्हता. तो माझ्यामागून यायचा, ही माझ्या अंगावरून गेली. पण ओळ तुटली नाही. वर्षभरात पहिल्यांदा मला पोटभर श्वास मिळाला.

पाच गेले पहाटेचे, भरतीच्या पाण्यावर.

तिने म्हटलं, पाच गेले पहाटेचे. तेव्हा मागे कोणीतरी स्पष्ट म्हणालं, "चार." मी तिकडे पाहिलं नाही. दुसरी ओळ, तिसरी ओळ. कोणी नाचत नव्हतं. सगळे खांबासारखे उभे. असं गाणं फार वेळ चालत नाही. पाय नसले की ते हवेत लटकतं, आणि लाज वाटू लागते. दुसरं कडवं संपलं. तिसरं सुरू झालं. प्रिजांचा हात पुन्हा बटणाकडे गेला, आणि मला वाटलं, झालं, हरलो.

तेवढ्यात फिलोमेनने आपली काठी प्रिजांच्या हातात दिली. "धर," म्हणाली, "नुसता उभा आहेस तर." आणि तिने डाव्या बाजूच्या बाईचा हात पकडला, उजव्या बाजूच्या जाळीवाल्याचा पकडला आणि पाय उचलला. ऐंशी वर्षांचा पाय, सुजलेला, पण तालात. मग काय, साखळी लांबत गेली. कोणी रडत होतं, कोणी दात-ओठ खात होतं, सोआझिगकडे बघायचं टाळत सगळे नाचत होते. धक्क्याचे दगड वाजायला लागले. जिल्ह्याच्या साहेबाने टोपी काढायची की ठेवायची ते त्याला कळेना.

चौथं कडवं संपलं. आता ते नवं कडवं होतं. ते मी तीन रात्री लिहून तीनदा फाडलं होतं. गर्दीत सगळे माझ्या भावाला ओळखणारे, त्याच्या हसण्यावर जीव टाकणारे. मी त्याला आत्ता इथे, त्याच्या सोनेरी नावासमोर, उघडं पाडणार होते. मला वाटलं गिळून टाकावं, पुढची ओळ घ्यावी, सोआझिग सोडून कोणाला कळणार होतं? पण तिचा हात माझ्या कोपरात होता.

"'चला,' म्हणाला तुग्दुआल, 'दर्या कुणाच्या बापाचा?'"

साखळी थांबली नाही, पण ती ऐकत होती. मला ते कळलं. पायांचा आवाज हलका झाला. शेवटच्या अक्षरांवर सोआझिग माझ्यात मिसळली, तिने ओळ उचलली, आणि मी श्वास भरून घेत असताना तिने म्हटलं,

"'चला,' म्हणाले पाचही जण, 'दर्या कुणाच्या बापाचा?'"

झील धरणारा शब्द बदलत नाही. कधीच नाही. पहिला चुकीचं म्हणाला तरी दुसऱ्याने चुकीचंच म्हणायचं, असं आईने आम्हाला शिकवलं होतं. मी इतकी दचकले की परत मिसळायला उशीर होता होता राहिला. मग मला राग आला. वर्षाने एकदा खरं बोलायची हिंमत केली होती मी, आणि ही बाई माझी ओळ खोडत होती. मी पुढे गेलेच नाही. तीच ओळ पुन्हा टाकली, दुप्पट जोराने, 'तुग्दुआल'वर सगळा दम लावून. तिने ती पुन्हा घेतली, आणि पुन्हा म्हणाली, पाचही जण. मी तिच्याकडे पाहिलं. गाताना जोडीदाराकडे पाहायचं नसतं, पण पाहिलं. तिची हनुवटी वर होती आणि डोळे समुद्राकडे.

मी तिसऱ्यांदा टाकली. तिने तिसऱ्यांदा बदलली. लोकांना वाटलं असेल गाणंच तसं आहे, कारण साखळीतून काही जण तिच्याबरोबर 'पाचही जण' म्हणायला लागले होते. फिलोमेनही म्हणत होती. याकेझसुद्धा त्या पाचांत होता, हे तिला ठाऊक होतं की.

आमच्या नाचात पहिला भाग संपला की जरा चालायचं असतं, घाम पुसायला. साखळी नुसती चालते, गाणारे श्वास घेतात. त्या वेळात मी तिच्या कानाशी म्हटलं, "ओळ का बदललीस?"

"जे झालं ते सांगितलं."

"झालं ते मी सांगितलं! तो म्हणाला. मी तिथे होते. तूच म्हणालीस घाल म्हणून."

"तू घातलंस. मला तेवढंच ऐकायचं होतं." तिने बाहीने नाक पुसलं. "कोरंतांला पाय होते, आनाइग. याकेझला होते. बाकीच्यांनाही होते. कोणी त्यांना बांधून नेलं नाही. एकाच माणसाच्या माथी मारायचं असतं तर माझा नवरा होताच की."

  साखळी चालत चालत आमच्यासमोरून गेली. त्यात अर्जावर सह्या करणारी बाकीची तिन्ही घरं होती, आणि मला त्या क्षणी तुग्दुआलची आठवण राग न येता आली. घावन खाऊन बोटं चाटणारा, मूर्ख, माझा.

प्रिजां काठी हातात धरून जवळ आला. "संपलं का?" त्याने विचारलं. "साहेबांना जायचंय."

"जाऊ दे त्यांना. अजून नावं घ्यायची आहेत."

दुसऱ्या भागात नावं होती. शिळेवर आहेत त्याच क्रमाने मी ती बांधली होती, आणि सोआझिगच्या नवऱ्याचं नाव, खरं सांगते, शेवटी चिकटवलं होतं. मी क्रम तिथल्या तिथे बदलला. बोटीवर तांडेलाचं नाव आधी येतं. वर्षभर या धक्क्यावर ते नाव कोणी मोठ्याने घेतलं नव्हतं. घेतलं तर शिवीबरोबर घेतलं होतं. मी छातीभर श्वास घेतला आणि ओळ टाकली, कर्ण्याच्याही वर जाईल इतक्या जोराने.

"पहिला आमचा कोरंतां, तांडेल स्तेरेदनचा..."

ओळीच्या शेवटी यायचं सोडून सोआझिग नावावरच आत घुसली. अर्ध्या ओळीतच तिने ती माझ्या तोंडातून ओढून घेतली, पहिल्या दिवशीची शिकाऊ पोरही करणार नाही अशी चूक. जत्रेत असती तर लोक हसले असते. मी आवाज कमी केला नाही, तिला टोकलंही नाही. ते नाव आम्ही दोघींनी मिळून म्हटलं.